झाकलेला ओढा

लिगुरियाच्या किनाऱ्यावर आमच्या गावाला
समुद्राकडे जाणारा रस्ता एकच,
आणि त्याच्या पोटातून जाणारा एक ओढा.
वर फार्मसी, चपलांचं दुकान, बारा मोटारींची जागा,
खाली काळोखात तोर्बेल्ला.

सहासष्ट साली माझ्या बापाने त्याच्यावर झाकण घातलं.
काँक्रीटच्या बावीस पट्ट्या, रोजंदारीवर.
उद्घाटनाला बँड वाजला, पाद्र्याने तीर्थ शिंपडलं.
पाण्याच्या डोक्यावर पाणी, असं इल्वा म्हणते.

इल्वा खिळे, बिजागऱ्या, उंदरांचे सापळे विकते.
तिच्या दुकानाच्या फरशीखाली ओढा बोलतो.
गिऱ्हाइकाला ती एकच कान देते,
दुसरा खाली लावलेला.

आज सकाळी फोनवर इशारा केशरी, दहाला लाल.
पिवळं जाकीट चढवून मी दारोदार सांगत फिरले:
मोटारी वर चर्चकडे न्या, तळघरात उतरू नका.
कुणी मान डोलावली,
कुणी म्हणालं, मागच्या खेपेलाही लालच होता,
दोरीवरचे कपडे उगाच आत घेतले.

पाऊस डोंगरात पडत होता, गावात नाही.
गावात तर मधूनच ऊनसुद्धा.
समुद्रावर मात्र दक्षिणेचा वारा,
लाटा धक्क्यावर चढायच्या आणि परत जायच्याच नाहीत,
एकीच्या पाठीवर दुसरी, दाराशी आलेल्या वसुलीवाल्यांसारख्या.
पोरं फोटो काढत होती. हाकलली.

चार वाजता इल्वाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली.
विचारलं, काय म्हणतोय?
म्हणाली, गप्प झालाय.

मला बरं वाटलं.
इतकं बरं वाटलं की मी हसलेसुद्धा.

तिने गल्ला उघडा टाकला, चष्मा तेवढा उचलला.
"अगं वेडे, ओढा बोलतो तो मोकळ्या जागेत बोलतो.
तोंडाशी समुद्र उभा आहे, आडणा घालून.
याच्याकडे बोलायला आता हवाच उरली नाही."

आणि माझा बाप तळमजल्यावर.

तो बूट घालून खुर्चीत बसला होता,
लेसच्या गाठीसुद्धा नीट मारलेल्या.
जिन्यावर, दर तिसऱ्या पायरीला थांबत, म्हणाला,
"पट्टीची जाडी कमी होती. मी तेव्हाच सांगितलं होतं."
आणखी तीन पायऱ्या.
"नाही. मी काहीच सांगितलं नव्हतं."

आधी गटारांची लोखंडी झाकणं उडाली,
घरात भांडण झाल्यावर ताटं उडतात तशी.
मग रस्त्याने पाठ वर केली.
डोंगराचं पाणी आलं चेस्टनटची पानं, फाटकं, चिखल घेऊन,
खालून समुद्र आला मासेमारीच्या निळ्या पेट्या घेऊन,
आणि फार्मसीसमोर दोघांची गाठ पडली.
कोणीच मागे हटेना.
दुकानाचा हिरवा क्रॉस पाण्याच्या आतून
उघडमीट करत राहिला, बराच वेळ.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाप मोजत होता.
एक पट्टी. दोन. पाच.
नवापर्यंत आला, मग म्हणाला, चष्मा ओला झालाय.
चष्मा त्याच्या खिशात होता.
मी पुढचं मोजलं नाही, त्याचा हात धरला,
तो त्याने सोडवूनही घेतला नाही.

रात्री वीज नव्हती. जिन्यात आम्ही अकरा माणसं, एक कुत्रा,
आणि चपलांच्या दुकानदाराने वाचवलेली
एकाच पायाची चाळीस पायताणं.

सकाळी वारा पडला.
रस्त्याच्या मधोमध भगदाड, मोटार मावेल एवढं,
त्यात तोर्बेल्ला, गढूळ, उन्हात.
मी जन्मल्यापासून पहिल्यांदा पाहिला.
इतका अरुंद असेल असं वाटलं नव्हतं.

इल्वा स्टूल घेऊन काठाशी येऊन बसली,
मांडीवर खिळ्यांचा ओला डबा,
एकेक खिळा फडक्याने पुसत.
बाप तिच्याशेजारी उभा, टोपी हातात.

"बोलतोय," ती म्हणाली.
बापाने विचारलं नाही, काय.